शिमल्याच्या उन्हातली दुरंगी शाल

मैत्रिणींनो, शिमल्याला जाणार असाल तर पिशवीत दोन सुया जरूर टाका. काय म्हणता, इतक्या लांब जाऊन विणकाम? आम्हा सोलापूरकरांचे लोकरीशी काय काम, असे मलाही वाटायचे.

कालक्याहून शिमल्याला जाणारी छोटी गाडी १९०३ सालची. ९६ किलोमीटरना पाचेक तास घेते, पण बोगदे मोजण्यात वेळ कसा जातो कळत नाही. डिसेंबरात आम्ही गेलो. सासूबाईंनी मामंजींचा राखी स्वेटर बरोबर घेतला होता, त्यांनीच कधीकाळी विणलेला. मामंजींना जाऊन चार वर्षे झालेली. स्वेटर कोपरांवर विरलेला. कुणाला होत नाही आणि टाकवतही नाही.

रिज म्हणजे शिमल्याचे अंगणच. एका टोकाला क्राइस्ट चर्च, वर जाखूचा हनुमान. ऊन वर आले की बायका बाकांवर बसून गप्पा मारत विणतात, सुयांकडे न बघता! त्यांतल्या एकीने सासूबाईंच्या मांडीवरचा स्वेटर पाहिला. हिंदीत म्हणाली, "माँजी, उसवा की. छान शाल होईल." सासूबाई गप्प. दुसऱ्या दिवशी मात्र शिवण त्यांनीच कापली आणि स्वेटर माझ्या हाती दिला. "तू ओढ. मला नाही जमायचे."

उसवलेली लोकर कुरळी होते. तिची लडी करून कोमट पाण्यात बुडवून वाळवली, की सरळ होते. ती पुरेना, म्हणून लोअर बाजारातून डाळिंबी लोकर आणली. सुया ८ नंबरच्या.

त्या बाईंनी शिकवले ते इतके सोपे! तीन टाके घाला. प्रत्येक सुईचा पहिला टाका एकदा पुढून, एकदा मागून विणायचा, म्हणजे एक टाका वाढतो. बाकी सगळे सुलट. उलट टाका नाहीच. दोन सुया राखी, दोन डाळिंबी. रंग बदलताना लोकर तोडू नका, कडेने वर घ्या. पण ओढू नका, कड आखडते. सुलट बाजूला स्वच्छ पट्टे दिसतात, मागे ठिपके.

एक गोष्ट मी चुकले, तुम्ही चुकू नका. निम्म्या रुंदीला आले तेव्हा चौथाईच लोकर संपली होती. मी खूश! पण पुढे एकेक सुई लांबत गेली आणि राखी लोकर संपली. शेवटचे पट्टे नुसते डाळिंबी झाले. टाके बंद करायला रुंदीच्या चौपट लोकर राखून ठेवा, आणि सैल हाताने बंद करा. गळ्यापाशी तीच लांब कड येते.

सासूबाईंना आता टाके नीट दिसत नाहीत, पण बोटांनी चाचपून माझा सुटलेला टाका त्यांनी बरोब्बर शोधला. "इथे बघ," म्हणाल्या, "त्यांच्या लोकरीत चूक नको."

सोलापुरात ही शाल जेमतेम पंधरा दिवस अंगावर येते. एरवी ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांसोबत.