पत गेल्यानंतर

घरातील मुले ज्याला आयर्न मॅन म्हणून ओळखतात, तो टोनी स्टार्क मुळात एक कारखानदार आहे. अमेरिकेतील मार्व्हल कॉमिक्सने १९६३ मध्ये त्याला वाचकांपुढे आणले. वडिलोपार्जित उद्योग, तल्लख बुद्धी आणि अंगावर अभेद्य कवच असलेल्या या माणसाला शत्रूने हरवावे तरी कसे?

त्याचा शत्रू मद्याच्या प्याल्यात होता. १९७९ मधील ‘डेमन इन अ बॉटल’ या कथेत तो नशेत जार्विस या निष्ठावंत सेवकाला अपमानित करतो आणि जार्विस राजीनामा देतो. पुढे स्टार्क त्याची क्षमा मागतो, दारूही सोडतो. कथा येथेच थांबती, तर ती एक सोपी बोधकथा ठरली असती.

परंतु पुढील लेखक डेनिस ओनील यांनी त्याला पुन्हा पाडले. या व्यसनाचा दाह त्यांनी स्वतः सोसला होता. त्यांच्या कथेतील ओबाडाया स्टेन हा प्रतिस्पर्धी उद्योगपती केवळ शस्त्रांवर विसंबत नाही; तो स्टार्कच्या कंपनीची देणी विकत घेतो आणि कंपनी गिळंकृत करतो. मालकाचे भान हरपले की शत्रू हिशेबाच्या वहीतून आत येतो, हे व्यापारी घराण्यांना वेगळे सांगावयास नको. कवच जेम्स र्‍होड्स या मित्राकडे जाते आणि स्टार्क न्यूयॉर्कच्या रस्त्यावर येतो.

१९८४ मधील १८२ व्या अंकात हिमवादळाची रात्र आहे. एका दाराच्या आडोशाला त्याच्यासारखीच निराधार, व्यसनग्रस्त स्त्री प्रसूत होते आणि प्राण सोडते. स्टार्क आपल्या कोटात, छातीशी धरून त्या अर्भकाला ऊब देत राहतो. कवच नाही, धन नाही, पाहणारेही कोणी नाही. त्याचा उद्धार येथून सुरू होतो.

त्यानंतर तो कवच परत मागत नाही. कॅलिफोर्नियात सहकाऱ्यांसह एका लहानशा कंपनीत काम करतो. आयर्न मॅनचे पद र्‍होड्सकडेच राहते. १९८५ मध्ये, २०० व्या अंकात, तो नव्या कवचासह स्टेनसमोर उभा राहतो, तेव्हा मधला काळ त्याने निर्व्यसनी राहून, राबून काढलेला असतो.

बुडालेली पत एका मोठ्या भरण्याने परत येत नाही. लहान हप्ते वेळेवर भरत गेले की ती हळूहळू उभी राहते. व्यसनातून परतलेल्या मुलाच्या हाती पहिल्याच दिवशी तिजोरीची किल्ली देऊ नये, हे शहाणपण खरे. मात्र त्याला दुकानाची पायरीच चढू दिली नाही, तर पहिला हप्ता त्याने भरावा कोठे?