‘फाउस्ट’ : पद्य, पडदा आणि ध्वनिवर्धक

गटेच्या ‘फाउस्ट’चे रॉक-ऑपेरात रूपांतर करणे योग्य की अयोग्य, या वादात मला फारसे स्वारस्य नाही. अभिजात कृतीच्या पावित्र्याची भाषा निदान या नाटकाच्या बाबतीत तरी फसवी आहे. ही कथा गटेला प्रथम भेटली ती कळसूत्री बाहुल्यांच्या खेळातून. आरंभीच्या स्वगतासाठी त्याने योजलेला क्निटेलफेर्स हा छंदही हान्स साक्ससारख्या सोळाव्या शतकातील कारागीर-कवींचा, पुढे पंडितांनी ओबडधोबड म्हणून बाजूला सारलेला. मूळ कृतीच जर जत्रेतून आणि कारागिरांच्या वस्तीतून उचललेली असेल, तर गिटारच्या स्पर्शाने ती विटाळते असे म्हणणे हास्यास्पद ठरते. प्रश्न आहे तो वेगळा : पद्य या नाटकात नेमके काय करते, आणि रॉक संगीत त्याच ठिकाणी काय करील?

विंदा करंदीकरांच्या मराठी अनुवादातून (१९६५) मला या नाटकाच्या पहिल्या भागाची ओळख झाली. पुढे मूळ जर्मन संहिता पदव्युत्तर वर्गाला अनेक वर्षे शिकवली. रुडॉल्फ फोल्ट्स यांच्या रॉक-ऑपेराचे ध्वनिमुद्रण हाती आले ते याच काळात. फोल्ट्स यांनी संहितेचा संक्षेप केला, पण शब्द गटेचेच ठेवले. गटेने चेटकिणींची रात्र ज्या ब्रोकेन शिखरावर रंगवली, तिथेही या कृतीचे प्रयोग झाले आहेत. रँडी न्यूमनच्या ‘फाउस्ट’ने (१९९५) नेमके उलट केले. त्याने पद्य टाकून दिले आणि नायकाला अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठाचा विद्यार्थी बनवले. ते विडंबन म्हणून चुरचुरीत आहे, परंतु रूपांतराचा खरा पेच त्याने उद्भवतच नाही. तो उद्भवतो मूळचे शब्द राखण्याचा हट्ट धरल्यावर.

छंदाचेच पाहा. क्निटेलफेर्समध्ये चरणागणिक चार आघात असतात, पण दोन आघातांमधल्या अक्षरांची संख्या निश्चित नसते. ती कधी गर्दी करतात, कधी विरळ होतात. विद्येला विटलेल्या फाउस्टचे अडखळणे, धाप लागणे, एकदम उसळणे या मोकळ्या जागांतूनच ऐकू येते. चार आघात ढोलाच्या चार मात्रांत सहज बसतात, म्हणून हा छंद रॉकला सोयीचा वाटतो. परंतु ढोल मात्रांमधले अंतर सारखे करून टाकतो. आघात राहतात, धाप नाहीशी होते.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे या नाटकात कोण गाते आणि कोण गात नाही, याची एक काटेकोर व्यवस्था आहे. विद्यार्थी, शेतकरी, सैनिक गातात. मेफिस्टोफेलीस गातो, आणि फार चांगले गातो. फाउस्ट मात्र श्रोता आहे. ईस्टरच्या पहाटे कानी पडलेल्या समूहगानामुळेच त्याने ओठांशी नेलेला विषाचा पेला खाली येतो. तो स्वतः गाण्यात सामील होतो ते ब्रोकेनच्या चढणीवर, सैतानाच्या मुलखात शिरताना. गाणे हे इथे अलंकरण नव्हे. पात्राच्या अस्तित्वाची ती एक अवस्था आहे. रॉक-ऑपेराची प्रकृती सर्वांनाच गाण्याकडे ओढण्याची असल्यामुळे पहिल्याच प्रवेशात फाउस्ट गाऊ लागतो आणि ही व्यवस्था कोसळते. हा दोष एकट्या रॉकचा नाही. गूनोच्या ऑपेरातही (१८५९) हेच घडले आहे; तिथे त्याला आपण परंपरा म्हणतो, इतकेच.

आता कारागृहाच्या अखेरच्या प्रवेशाकडे वळू. १७७० च्या दशकातील ज्या मूळ खर्ड्याला ‘ऊरफाउस्ट’ म्हणतात (त्याची नक्कल १८८७ मध्ये सापडली), त्यात हा प्रवेश गद्यात आहे. पुढे गटेने तो पद्यात घातला. मे १७९८ मध्ये शिलरला लिहिलेल्या पत्रात त्याने याचे कारण दिले आहे. त्याचे म्हणणे असे की, काही शोकात्म प्रवेश गद्याच्या स्वाभाविकपणामुळे आणि तीव्रतेमुळे बाकी नाटकाच्या मानाने असह्य होतात. म्हणून ते यमकबद्ध करावे, म्हणजे कल्पना जणू तलम पडद्याआडून दिसेल आणि भीषण आशयाचा थेट आघात सौम्य होईल. पद्य म्हणजे पडदा. रॉकची सारी यंत्रणा मात्र थेट आघात वाढवण्यासाठीच उभी असते. कवीने जाणूनबुजून जे झाकले, ते ध्वनिवर्धक उघडे करतो. माझा आक्षेप एवढाच होता, आणि वर्गात मी तो पुरेशा आत्मविश्वासाने मांडत असे.

एका वर्षी एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, पडदा कोणासाठी? तिच्यासाठी की बघणाऱ्यांसाठी?”

या प्रश्नामागे इतिहास आहे आणि तो सुखद नाही. जानेवारी १७७२ मध्ये फ्रांकफुर्ट येथे सुझाना मार्गारेटा ब्रांट या तरुणीला अर्भकहत्येबद्दल देहदंड झाला. त्या वेळी गटे त्याच शहरात वकिली करीत होता. ग्रेटखेनच्या कथेला या घटनेचा आधार आहे हे अभ्यासकांना मान्य आहे. अकरा वर्षांनी, १७८३ मध्ये, वायमारमध्ये योहाना हॉन हिच्यावर याच गुन्ह्याचा खटला चालला. अर्भकहत्येसाठी देहदंड असावा की नसावा असा विचार तेव्हा झाला, आणि मंत्रिमंडळाचा सदस्य या नात्याने गटेने तो कायम ठेवावा असे मत दिले. हॉनचा शिरच्छेद झाला. पंधरा वर्षांनी तोच माणूस ग्रेटखेनच्या आक्रोशावर पद्याचा पडदा घालतो. त्या मुलीचे म्हणणे असे की, ज्या समाजाने ही मुलगी मारली त्यालाच नाट्यगृहात बसून हा प्रवेश सोसता यावा, अशी ही सोय आहे. गिटारने ती मोडली तर बिघडले काय? कलात्मक अंतराची नेहमीची मीमांसा या प्रश्नापुढे टिकत नाही.

तरीही तिचे म्हणणे मला संपूर्णपणे मान्य करता येत नाही. त्याचे कारण नीतीत नाही, संहितेत आहे. फाउस्ट कोठडीच्या कुलपाला हात घालतो तेव्हा आतून एक गाणे येते. खून झालेले मूल पक्षी होऊन आपल्या आईबापांचे कृत्य सांगते, अशा लोककथेतले ते गाणे आहे. त्याआधीची रंगसूचना मुळातून पाहण्यासारखी आहे : ‘ती गाते’ असे गटे लिहीत नाही. त्याची क्रिया अकर्तृक आहे. आत गाणे चालले आहे, एवढेच. मारणारी आई मेलेल्या मुलाच्या आवाजात गाते, की तिच्यातून दुसरेच काही गाते, हे व्याकरण सांगू देत नाही. आणि हे गाणे ‘ऊरफाउस्ट’मध्येही होते. सभोवतालचा प्रवेश गद्यात होता तेव्हा ते होते, पद्य झाल्यावरही राहिले. म्हणजे पडदा विणला तो संवादांचा. गाणे त्या पडद्याला पडलेली चीर आहे.

रॉक-ऑपेराची खरी अडचण मला इथे दिसते. ती आवाजाच्या मोठेपणात नाही. आरंभापासून सगळेच गात असतील, तर कुलपाआडून येणारे हे गाणे, गाणे म्हणून ऐकू कसे येणार? सतरा वर्षांच्या शूबर्टने १८१४ मध्ये ग्रेटखेनच्या चरख्याला चाल लावताना पियानोचे चाक अखंड फिरत ठेवले. मग चुंबनाच्या आठवणीशी ते थांबवले आणि अडखळत पुन्हा सुरू केले. थांबणे ऐकू यावे यासाठी आधीचे फिरणे होते. रूपांतरकाराला कारागृहापूर्वी असेच काही करावे लागेल. संहितेने त्याला जागाही ठेवली आहे. ग्रेटखेन तुरुंगात आहे हे फाउस्टला समजल्यावरचा उघड्या माळावरचा प्रवेश १८०८ च्या छापील नाटकातही गद्यातच राहिला. पहिल्या भागात तेवढाच. तिथे गिटार, ढोल सारे बंद व्हावे, नटाने नुसते बोलावे, आणि कुलपाआडचे गाणे त्या शांततेनंतर यावे.

नाटकाच्या अखेरीस ग्रेटखेनचा आवाज फाउस्टला हाक मारीत आतून येतो आणि विरत जातो. जुन्या ऑपेरात गायिकेला हे विरणेही शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवावे लागे, म्हणजे खरे तर विरताच येत नसे. रॉकच्या गायिकेच्या ओठांशी मायक्रोफोन असतो. ती कुजबुजू शकते, आणि तिच्या श्वासापर्यंत सारे शेवटच्या रांगेत ऐकू जाते.