दुर्बीण ठेवायची कुठं?

"आणलीस ती आणलीस. पण ठेवणार कुठं?"

रिक्षातून उतरवलेल्या त्या लांबलचक खोक्याकडं बघून सासूबाईंनी विचारलेला हा पहिला प्रश्न. केवढ्याला पडली, कशाला आणली, असलं काही त्यांनी विचारलं नाही. चाळीस वर्षं घर चालवलेल्या बाईला वस्तूच्या किमतीपेक्षा तिच्या जागेची काळजी आधी. आणि खरं सांगायचं तर मला उत्तर देता आलं नाही. वर्षभर पैसे साठवले, कुठली घ्यावी याची चार जणांकडं चौकशी केली, पण ती घरात उभी कुठं करायची याचा विचारच केला नव्हता.

हे वेड लागलं ते २०२० च्या डिसेंबरात. त्या महिन्याच्या २१ तारखेला गुरू आणि शनी आकाशात इतके जवळ आले होते की नुसत्या डोळ्यांना जवळजवळ एकच तारा दिसावा. दोघांत अंतर अवघं एका अंशाच्या दहाव्या भागाएवढं. शाळेतल्या एका मैत्रिणीच्या गच्चीवरून तिच्या मुलाच्या दुर्बिणीत मी ते बघितलं. एकाच वाटोळ्यात गुरूचे चंद्र आणि शनीचं कडं! बी.ए.ला माझा भूगोल होता आणि तासिका तत्त्वावर मी तोच शिकवते. सूर्यमालेचं चित्र फळ्यावर किती वेळा काढलं असेल. पण त्या रात्री पहिल्यांदा वाटलं, अरे, हे खरंच आहे की! मग त्या तासांच्या मानधनातूनच थोडे थोडे बाजूला काढत २०२१ च्या दिवाळीला सहा इंची आरशाची दुर्बीण घेतली. लाकडी बैठकीवर तोफेसारखी बसते, हातानं फिरवायची.

आता दुर्बीण म्हटलं की गच्ची, हे कुणीही सांगेल. मीही तेच धरलं. बाहेरच्या अरुंद लोखंडी जिन्यानं नळी एका खेपेत आणि बैठक दुसऱ्या खेपेत अशी वर नेली. ह्यांनी एक टोक धरलं, मुलानं सूचना केल्या. रात्री आठला गुरूवर रोखली, तर गुरू पाण्याच्या तळाशी पडलेल्या रुपयासारखा नुसता थरथरतोय. मला वाटलं, फसलो. खराब माल गळ्यात पडला.

दोष दुर्बिणीचा नव्हता, स्लॅबचा होता. दिवसभर उन्हात तापलेला सिमेंटचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत ती ऊब सोडत राहतो. गरम हवा वर चढते, गार हवा खाली येते आणि त्या घुसळणीतून येणारा प्रकाश वाकडातिकडा होतो. तव्यावरून पलीकडं बघितलं तर भिंत हलताना दिसते ना, तसंच. पत्र्याच्या छपरावरून बघितलं तर विचारूच नका. त्यातून स्लॅबवर मुलानं एक उडी मारली की गुरू नजरेतून पसार. शिवाय रस्त्यावरच्या खांबाचा पांढरा दिवा नेमका डोळ्यांच्या उंचीला.

आणि चौथी अडचण सगळ्यांत अवघड. एकदा नळीचं तोंड खाली झुकलेलं राहिलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी हसत हसत विचारलं, "काय हो, आमच्या आमटीत मीठ पडलं का ते दिसतं का त्यातून?" हसत विचारलं खरं, पण संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला पडदा लागला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना मुद्दाम बोलावून चंद्रावरचे खड्डे दाखवले, तेव्हा तो पडदा निघाला. मैत्रिणींनो, घरात दुर्बीण आणलीत तर पहिला मान शेजाऱ्यांना द्या. जागा कुठलीही असो, त्यांची खिडकी आपल्या समोर येते आणि आपली त्यांच्या.

हे म्हणाले, "एवढी यातायात कशाला? खिडकीतूनच बघ की." तेही करून पाहिलं. खिडकीची काच आपल्याला सपाट दिसते, पण दुर्बिणीला तिच्यातला सगळा वाकडेपणा मोठा होऊन दिसतो. काच उघडली तर घरातली उबदार हवा आणि बाहेरची गार हवा नेमकी खिडकीतच एकमेकींना भिडतात. पुन्हा थरथर. आणि आकाश मिळणार ते पोळपाटाएवढं.

तेव्हा मी मनाला समजावलं की जागेसाठी मोठ्या मोठ्या शास्त्रज्ञांनाही वणवण करावी लागते. जयंत नारळीकर आपल्या कोल्हापूरचे, १९३८ साली इथंच जन्मलेले. त्यांनी पुण्यात आयुका उभी केली, पण त्या संस्थेची दोन मीटरची दुर्बीण पुण्यात नाही. ती २००६ साली घोडेगावजवळ गिरवलीच्या डोंगरावर बसवली, कारण शहराचे दिवे आणि धूर. नारायणगावजवळ खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस प्रचंड थाळ्या आहेत, त्या आकाशातल्या रेडिओ लहरी टिपतात. तिथं वीज-दिव्यांपेक्षा माणसानं निर्माण केलेल्या रेडिओच्या कलकलाटापासून लांब जायचं होतं. लडाखमध्ये हानलेची दुर्बीण तर साडेचार हजार मीटर उंचीवर, विरळ आणि कोरड्या हवेत. पण या मंडळींना डोंगर निवडता येतो. मला निवडायचं होतं ते गच्ची, खिडकी आणि परसदार यांतून. आणि परसदार म्हणजे सासूबाईंचं राज्य.

आमचं घर राजारामपुरीतलं जुनं. पुढचं दार उत्तरेला, परसदार दक्षिणेला. तिथं धुण्याचा दगड, दोरी, तुळशीचा कट्टा, चार फूट शहाबादी फरशी आणि पूर्वेच्या कोपऱ्यात सासऱ्यांनी लावलेला आंबा. एका संध्याकाळी मी तिथं उभी राहून हात लांब करून मुठी मोजल्या. ही युक्ती शाळेत मुलींना शिकवते. हात ताठ पुढं धरला की आपली मूठ आकाशाचे साधारण दहा अंश झाकते. आपलं कोल्हापूर पावणेसतरा अंश उत्तर अक्षांशावर, म्हणून ध्रुव तारा उत्तरेला तेवढाच वर, दोन मुठींच्याही आत. म्हणजे उत्तरेला घराची भिंत आडवी आली तरी फारसं बिघडत नाही. वृश्चिक, धनू, अगस्त्य असं खरं धन दक्षिणेच्या अंगाला, आणि ग्रह तर बहुतेक डोक्यावरून नाहीतर दक्षिणेकडून जातात. परसदाराची दक्षिण मोकळी होती. खाली माती, ती स्लॅबसारखी तापत नाही आणि पोरांनी उड्या मारल्या तरी हलत नाही.

सासूबाई बघत होत्या. "मुठी कसल्या मोजतीस?" मी सांगितलं, दुर्बीण आणि तारा यांच्यामध्ये काही आडवं यायला नको. त्या लगेच म्हणाल्या, "म्हणजे किरणोत्सवासारखंच की."

मी बघतच राहिले. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव त्या लहानपणापासून बघत आलेल्या. नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेला आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून, गरुड मंडपातून थेट गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, मग वर चढत चढत मुखापर्यंत. २१ डिसेंबरच्या आसपास सूर्य दक्षिणेच्या टोकाला जाऊन परत फिरतो. त्याच्या चाळीस-एक्केचाळीस दिवस आधी आणि तेवढेच दिवस नंतर तो एकाच जागी मावळतो, म्हणून वर्षातून दोनदा हा योग. ज्यांनी ते देऊळ बांधलं त्यांनी जागा आणि दिशा कशी नेमकी धरली असेल! आणि आता त्या वाटेत बांधकामं आली, किरणं कधी कधी मध्येच अडतात, तेव्हा अख्खं गाव हळहळतं. माझ्या तीन दिवसांच्या मोजमापाचं सार सासूबाईंनी एका वाक्यात सांगितलं होतं.

राहता राहिला आंबा. त्यानं पूर्वेचं चार मुठी आकाश झाकलं होतं, आणि थंडीत मृग नक्षत्र नेमकं त्याच्याआडून उगवतं. दोन फांद्या उतरवल्या की काम भागणार होतं. हे माणूस बोलवायलाही निघाले. सासूबाई म्हणाल्या, "तोडायच्या तर तोडा. मला काय विचारता." या वाक्याचा अर्थ कुठल्याही सुनेला कळतो. त्या रात्री त्या जेवल्या, पण ताक घेतलं नाही.

मला झोप लागेना. अकराच्या सुमाराला परसदारी जाऊन उभी राहिले. आंब्याच्या सावलीत काळोख दाट होता, पाच-दहा मिनिटांत बारीक चांदण्याही दिसायला लागल्या. दोन पावलं बाजूला झाले आणि बोळातल्या खांबाचा दिवा टपकन डोळ्यांत आला. चांदण्या गुल. म्हणजे जो आंबा मला आडवा वाटत होता तोच दिव्याला आडवा उभा होता! त्याच्यामागून उगवणारं नक्षत्र कुठं पळून जाणार आहे? आकाश तासाला पंधरा अंश सरकतं. चाळीस अंश चढायला पावणेतीन तास. तेवढ्यात आपली मागची आवराआवर होते. सकाळी मी सांगितलं, आंब्याला हात लावायचा नाही. "मी म्हणतच होते," सासूबाई म्हणाल्या. त्या तसं काही म्हणाल्या नव्हत्या, पण ते असो.

तर शहाबादी फरशी ठरली. दिवसा सांडगे-मिरच्यांचं वाळवण, रात्री दुर्बीण. काही गोष्टी अनुभवानं कळल्या त्या सांगते. दुर्बीण अर्धा-पाऊण तास आधी बाहेर ठेवावी म्हणजे आरसा बाहेरच्या हवेएवढा गार होतो. मधूनच टॉर्च लावू नये, अंधाराला सरावलेली नजर परत यायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. लावायचाच तर त्यावर लाल जिलेटिन बांधावा. थंडीत दव पडतं, म्हणून झाकण हाताशी हवं. पावसाचे चार महिने आपल्याकडं तिचं काही काम नाही, तेव्हा ती कोरड्या जागी ठेवावी, नाहीतर काचेवर बुरशी चढते. आणि मुलांना बजावून ठेवावं की सूर्याकडं ती चुकूनही वळवायची नाही, क्षणात डोळा जातो. दिवसा परसात राहिली तर तोंडाला झाकण लावलेलंच हवं.

एवढं सगळं नीट जमलं आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही सासूबाईंना शनी दाखवला. त्या वाकल्या, क्षणभर डोळा लावला आणि म्हणाल्या, "दिसलं, दिसलं. छान आहे." पुढच्या चार-पाच संध्याकाळीही तेच. मी खूश.

मग धाकटीनं एकदा विचारलं, "आजी, शनीचं कडं कसं आहे गं? आडवं का तिरकं?"

"असतं की सगळीकडनं," आजी म्हणाल्या. धाकटी माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "आजीला काही दिसत नाहीये."

मी चरकले. त्या उभ्या राहतात कशा, ते त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. शनी नैर्ऋत्येला तीन मुठींवर उतरलेला, म्हणून डोळा लावायची जागा कमरेच्या जरा वर. तिथं वाकायचं तर गुडघे धरलेले. हाताला आधार काही नाही. मागच्या दाराची पायरी अंधारात दिसत नाही, म्हणून जीव निम्मा पायाखाली. आणि सवयीनं लावायच्या तो उजवा डोळा, ज्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं. झालं होतं ते डाव्याचं.

"आई, सांगितलं का नाही?"

"तू एवढ्या हौसेनं दाखवतीस. नाही दिसलं म्हणून कसं सांगायचं?"

माझ्याकडं यावर उत्तर नव्हतं. कारण पंधरा वर्षं या घरात मीही हेच करत आले. "माझं पोट भरलं", "मला चालेल", "मला काही नको." दोघी एकमेकींचं मन राखत होतो आणि दोघींना काही दिसत नव्हतं. जागा ठरवताना मी आकाश मोजलं, जमीन बघितली, दिवा बघितला, शेजाऱ्यांची खिडकी बघितली. घरातलं सगळ्यांत म्हातारं माणूस तिथवर कसं येणार आणि कुठं टेकणार, हे बघायचं राहूनच गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुर्बीण चार फूट हलवून तुळशीच्या कट्ट्याजवळ घेतली. पायरीच्या कडेला चुन्याचा पांढरा पट्टा ओढला. दारापासून कट्ट्यापर्यंत धुण्याची दोरी हाताला येईल अशी ताणून बांधली. हातांची खुर्ची ठेवली. त्या बसल्या. "डावा डोळा लावा," म्हटलं.

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. शनी हळूहळू सरकत वाटोळ्याच्या बाहेर गेला. मी परत आणून दिला. पुन्हा बाहेर गेला, पुन्हा आणून दिला. मग डोळा न काढताच त्या म्हणाल्या, "एवढासा आहे गं. आणि कडं आहे की खरंच, तिरकं. आयुष्यभर शनिवारी तेल घातलं याला. तोंड आज बघितलं."

त्याला आता काही वर्षं झाली. उजव्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. दुर्बीण पावसाळ्यात देवघराशेजारच्या कपाटालगत उभी असते, सासूबाईंच्याच जुन्या नऊवारीच्या घडीत. ठेवणार कुठं, याचं उत्तर त्यांनीच देऊन टाकलं. २०२५ साली शनीचं कडं आपल्याकडं अगदी कडेनं वळलं, साधारण पंधरा वर्षांनी येतो तसा योग. कडं नुसतं रेघेएवढं उरलं. "वाळलाय बिचारा," त्या म्हणाल्या. "पुन्हा भरणार कधी?"

मी हिशेब करून सांगितलं, पुरतं उघडायला २०३२ उजाडेल. सांगून बसले आणि मग दुसरा हिशेब मनात आला. त्यांच्याही आला असणार. त्या खुर्चीवरून उठल्या, दोरी धरली आणि जाता जाता म्हणाल्या, "तोवर ही खुर्ची हलवू नको."