पटावरचे मूल

ढोकीला तेरणा साखर कारखाना आहे. तरीही धाराशिव जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नि कर्नाटकात जातात. मुकादमाच्या हिशेबात नवराबायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. सोबतचे मूल तिथे मोजलेच जात नाही. जिल्हा परिषद शाळेच्या पटावर मात्र ते असते. पाडव्याच्या आगेमागे परतते, तो वार्षिक परीक्षा समोर. निकालपत्रकातून जात, लिंग, गुण कळतात. हे मधले महिने कळत नाहीत. २०१८ मध्ये नीती आयोगाने हा जिल्हा 'आकांक्षित' ठरवला, क्रमवारीत शिक्षणाला ३० टक्के भार दिला. सातवीतल्या अशा मुलाला 'कच्चे' म्हणण्यापूर्वी आम्हां मराठीच्या अध्यापकांना त्या विशेषणाचे विशेष्य तपासावे लागेल : कच्चे मूल, की आपली मोजणी?