ढोरं कोनं सोडली?

माझ्या कादंबरीतलं पुराचं प्रकरण मी मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, वाचून दाखवलं. पेंचचं पाणी गावात शिरतंय, नायिका नदीकाठच्या घरात अडकलीय आणि नायक गोठ्यातून उठून तिच्याकडे धावत सुटतो. मामाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् ढोरं? ढोरं कोनं सोडली?"

ते प्रकरण मी दुसऱ्या दिवशी काढून टाकलं. पारशिवनीकडचा माणूस आधी दावी सोडतो. भिजलेली गाठ सुटत नाही, मग अंधारात विळा चाचपडतो. ती दोन-चार मिनिटं मी नायकाकडून हिरावून घेतली होती. प्रेम मोठं दिसावं म्हणून त्याला बाकी सगळ्यातून मोकळं केलं, आणि तो माणूसच उरला नाही.

ऑगस्ट २०२० चा पूर माझ्या डोळ्यांसमोर आहे. पाऊस वर छिंदवाड्याकडे झाला. चौराई धरणाचं पाणी सुटलं, तोतलाडोहाचे १४ दरवाजे उघडले, मग नवेगाव खैरीचे १६. घराघरांत गणपती बसलेले, त्यात कोरोना. पारशिवनीपासून खाली कामठी, मौदा, कुहीपर्यंत पाणी पसरलं. आपल्या डोक्यावर आभाळ कसं आहे यावर हा पूर ठरत नाही. थरारकथा लिहिणाऱ्याला याहून काय हवं? पाणी निघालंय हे वाचकाला कळलेलं असतं आणि नायिका अजून गौरीची भांडी आवरत असते. पण संकट असं आयतं मिळतं तसा माणसाचा हेतू मिळत नाही. तो पाणी चढण्याआधीच्या साध्या दिवसांत पेरावा लागतो.

म्हणून मी नायिकेपासून सुरुवात केली. ती घरात मागे का राहिली? जुन्या फोटोसाठी, असं मी आधी लिहिलं होतं. मोवाडच्या १९९१ च्या महापुराच्या आठवणी ऐकत वाढलेल्या आमच्या जिल्ह्यात फोटोसाठी कोण थांबेल? आता ती बचत गटाची सचिव आहे. पेटीत बायांचे पैसे आहेत, आणि कोणाकडे किती थकलंय ते सांगणारी वही. ती बुडाली तर उद्या चावडीवर तिलाच उत्तर द्यायचंय.

गाव शाळेत जमतं. नायक मात्र शाळेकडे वळतसुद्धा नाही, कारण ती वही सोडणार नाही हे त्याला ठाऊक आहे. प्रेमाचा याहून मोठा पुरावा मला सुचत नाही. पण त्याच वहीत त्याच्या आईचं थकलेलं कर्ज आहे, आणि हे तिलाही ठाऊक आहे.

दाराशी कमरेएवढं पाणी. तो इतका उशिरा आला म्हणून ती चिडलेली. तो हात पुढे करतो, "दे." वही मागतोय की हात, हे तिला कळत नाही. ती वही छातीशी धरून मागे सरते. मग टॉर्चच्या उजेडात तिला त्याचा तळवा दिसतो, विळ्यानं कापलेला, जखमेत दाव्याचे धागे.

एवढं लिहून झालंय. रात्री जेवणं झाली की मामाजींना वाचून दाखवीन.