गाजर गवत आणि आईचा टॉवेल

२०२३ सालच्या ऑगस्ट महिन्यातील गोष्ट. स्वातंत्र्यदिनाच्या आधीच्या रविवारी वस्तीतील आम्ही पंधरा-वीस जणांनी समाजमंदिरामागच्या मोकळ्या जागेत श्रमदान केले. तेथे मुलांसाठी छोटी बाग करावी, असे महिला मंडळाने ठरविले होते. जागेत कमरेइतके गाजर गवत माजले होते. मी बनियनवरच उतरलो आणि दोन्ही हातांनी ते उपटू लागलो. आपण कष्टकऱ्यांची मुले, आपल्याला हातमोजे कशाला, असा थोडा ताठाही मनात होता.

तिसऱ्या दिवशी पापण्या सुजल्या. मानेवर आणि कोपराच्या आतल्या बाजूस लाल चट्टे उठले. खाजेमुळे रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. कचेरीत गेलो तेव्हा शेजारच्या सहकाऱ्याने आपला पाण्याचा ग्लास हळूच पलीकडे सरकविला. "साथीचं काही नाही ना?" असे हसत विचारलेही. त्याच्या विचारण्याचा मला राग आला नाही. पण तो ग्लास सरकताना पाहिला आणि मला आई आठवली.

माझी आई एका बागेत रोजंदारीवर खुरपणी करीत असे. दर पावसाळ्यात तिचा चेहरा आणि मान काळवंडत असे, कातडी जाड होत असे, खाजवून खाजवून पाणी येत असे. घरात म्हणत, उष्णता झाली. शेजारी कुणी म्हणे करणी, तर कुणी दबक्या आवाजात महारोगाचे नाव घेई. बायका आपली लेकरे तिच्या मांडीवर देईनात. तिने लग्नकार्याला जाणे सोडले. कुणाच्या तरी सांगण्यावरून एकदा बिबा लावला. तो उतला आणि दुखणे दुप्पट झाले. मी त्या वेळी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. घरात शिकलेला असा मी एकटाच. आणि मी काय केले? आईचा टॉवेल वेगळ्या खिळ्याला टांगला. तिने तो पाहिला, बोलली काही नाही. दुसऱ्या दिवसापासून स्वतःचा तांब्याही तिने वेगळा ठेवला. २००९ साली आई गेली.

सरकारी रुग्णालयातील त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या पापण्या पाहून पहिलाच प्रश्न केला, "गवत उपटलंत का?" मग त्यांनी समजावून सांगितले. या गवताची नोंद आपल्याकडे १९५५ साली पुण्यात झाली. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले, असे मानतात. काँग्रेस गवत म्हणतात ते हेच. त्यात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. वर्षानुवर्षे संबंध आल्यावर काहींच्या शरीराला ते सोसेनासे होते. मग हात लावायलाही नको. वाळलेल्या गवताची धूळ वाऱ्याने अंगावर आली तरी त्रास होतो. म्हणूनच पापण्या, मान, कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत तो आधी दिसतो. मी आईविषयी सांगितले. त्या म्हणाल्या, "त्यांनाही हेच असावं. हे एकाचं दुसऱ्याला होत नाही." मी बाहेरच्या बाकावर बराच वेळ बसून राहिलो.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या घरातील कितीतरी माणसे बागेत, रस्त्याकडेला, शेतात हे गवत काढतात. त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. गवत फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना मुळासकट काढावे. एका झाडाला हजारो बिया धरतात. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि नाका-तोंडाला रुमाल हवा. हातमोजे नसतील तर हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधावी. कामाच्या हाताने डोळे चोळू नयेत. घरी आल्याबरोबर साबणाने अंग धुवावे आणि ते कपडे वेगळे धुवावेत. ज्याला हा त्रास आहे त्याने या कामाला हातच घालू नये. शेवंतीही त्याच कुळातील असल्याने काहींना तिचाही त्रास होतो. औषधाच्या दुकानातून ट्यूब आणून महिनोन्‌महिने तोंडाला चोळू नये, कातडी पातळ होते. डॉक्टरांना दाखवावे आणि आपले काम काय, हे त्यांना आधी सांगावे.

आमच्या भागात सफाई करणाऱ्या भगिनींना हातमोजे मिळावेत म्हणून मी अर्ज लिहिला. कारकुनाचे अक्षर तेवढ्यापुरते कामी आले. दोन अर्जांनंतर हातमोजे मिळाले, पण ते आठ दिवसांत फाटले. तिसरा अर्ज दिला आहे. त्यात साबणही मागितला आहे.

समाजमंदिरामागे आता तुळस, जास्वंद आणि कढीपत्ता लावला आहे. मी पाणी घालतो, गवत इतरजण मोजे घालून काढतात. पण आईचा तो टॉवेल मला आता त्या खिळ्यावरून काढता येणार नाही. तुमच्या घरी कुणाचा टॉवेल असा वेगळा टांगला असेल, तर आधी त्या माणसाला डॉक्टरकडे न्या, आणि टॉवेल आजच आपल्या टॉवेलांशेजारी आणून ठेवा.