तेरा ते सात

सुरतेतल्या उधन्याच्या चाळीत आई दिवाळीची रांगोळी काढायला बसली की शेजारच्या काकू गुजरातीत एवढंच विचारायच्या, "केटलां टपकां?" आई म्हणायची, "तेरा ते सात." मधली ओळ तेराची, वर आणि खाली एकेक ठिपका कमी करत सातापर्यंत यायचं, प्रत्येक ओळ अर्ध्या घराने सरकवत. ठिपके १२७, बाहेरून चोख षटकोन. इतकी आटोपशीर सूचना पुढे प्रोग्रॅमिंगच्या कुठल्या पुस्तकात मला दिसली नाही.

नंतर लिंबायतच्या एका एम्ब्रॉयडरी कारखान्यात मी पंचिंगला लागलो. कागदावरची बुट्टी संगणकावर स्टिच-स्टिचने मांडायची. साड्यांवर हिमफुलंही चालायची. सुरतेच्या उकाड्यात ती कुणाला खटकत नसत. अर्धी पाकळी काढायची, आरशात उलटवायची, साठ-साठ अंशांत फिरवायची, झालं.

हिमकणाला पाकळ्या सहाच का, हा प्रश्न केप्लरने १६११ साली एका छोट्या पुस्तिकेत विचारला होता. पाण्याचे रेणू गोठताना षटकोनी जाळीत बसतात, हे कळायला पुढे तीन शतकं लागली. जपानात नाकाया यांनी १९३६ मध्ये सशाच्या केसावर कृत्रिम हिमकण वाढवला. उणे पाच अंशांच्या आसपास सुया, उणे पंधराला फांद्यांचं फूल. हिमकण पडता पडता हवा बदलते, पण त्याच्या सहाही पाकळ्यांना ती एकदमच बदललेली मिळते. हिमफूल कोडने काढतानाही हेच पाळावं लागतं: फासा एकदाच टाकायचा आणि ते दान सहाही पाकळ्यांना द्यायचं. प्रत्येकीला वेगळं दान दिलं तर झुडूप उगवतं. (खरे हिमकणही बहुतेक वेडेवाकडेच असतात; फोटोत निवडक येतात.)

आता रात्री मी अक्षरांची हिमफुलं करतो. नाव टाइप केलं की त्यातल्या अक्षरांचे युनिकोड क्रमांक, उदाहरणार्थ 'क'चा २३२५, हे त्या फाशाचं बीज. तेच नाव दिलं की तेच फूल. देवनागरी या कामाला फार सोयीची. सहा अक्षरं डोकं बाहेर करून गोल मांडली की शिरोरेखांचाच षटकोन होतो. 'त', 'न', 'म' यांचा उभा दंड पाकळीचा कणा होतो, अर्धी अक्षरं फांद्या होतात. दंड नसलेले 'ट', 'ड', 'ह' टोकाला शोभतात. सगळ्यांत देखणा 'ळ'. 'कमळ' लिहिलं की बघतच राहावं. आरशातली अक्षरं वाचता येत नाहीत, आणि मला तेच हवं असतं. नाव कळण्याआधी फूल दिसावं.

एक फूल कारखान्याच्या शेठना दाखवलं. त्यांनी मोबाइल लांब धरून पहिला प्रश्न केला, "स्टिच किती?" मग म्हणाले, शिरोरेखा बरी आहे, धागा सलग जातो, पण अनुस्वार उडव, दर अनुस्वाराला धागा कापावा लागतो. फूल 'वसंत'चं होतं. अनुस्वार काढायला मी तयार नव्हतो. शेवटी तो खाली ओढून शिरोरेखेला टेकवला, आणि शेठनी सॅम्पल काढायला सांगितलं.